दोन तारांची आगगाडी

ज्या घरांत विजेवर चालणारी खेळांतली आगगाडी एकदां आली, त्या घरांत ती मुलांच्या हातीं फार दिवस राहत नाहीं. पहिल्या वाढदिवसाला रुळांचें एक वर्तुळ असतें. दुसऱ्या वर्षीं त्याला एक सांधा जोडला जातो. तिसऱ्या वर्षीं जेवणाचें टेबल अपुरें पडूं लागतें, आणि मग एखाद्या रविवारीं वडील मंडळीच प्लायवूडचा तक्ता खांद्यावर घेऊन माडी चढतांना दिसतात. डोंगर, बोगदे, स्थानकें, सिग्नल असें सगळें जग त्या तक्त्यावर हौसेनें उभें राहतें. येणारा पाहुणा हें वरचें जग पाहून तृप्त होतो. परंतु गाडी चालणार कीं अडणार, ह्याचा निर्णय त्या जगांत होत नसतो. तो तक्त्याच्या खालच्या बाजूस, जेथें उताणें पडल्याशिवाय हात पोंचत नाहीं अशा अंधाऱ्या जागीं, तारांच्या जोडणींत आधींच होऊन गेलेला असतो.

हा छंद मूळचा जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका ह्या देशांतला. महाराष्ट्रांत तो तुरळकच आढळतो. तथापि पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं लोकांसाठीं खुलें झालेलें जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ह्या विद्येची गोडी निराळी सांगावयास नको. छंदाचीं मापें अनेक आहेत. त्यांतलें सर्वांत लोकप्रिय माप 'एच. ओ.' ह्या नांवानें ओळखलें जातें. त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर ठेवलेलें असतें. पुढील विवेचन मुख्यतः ह्याच मापाला धरून आहे.

तारा जोडण्याची रीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पार बदलून गेली आहे. नव्या रीतीला 'डिजिटल कमांड कंट्रोल' असें नांव असून, आद्याक्षरांवरून तिला 'डी. सी. सी.' म्हणतात. ही सामुग्री विकणारे लोक गिऱ्हाइकाला सांगतात कीं, फक्त दोन तारा रुळांना जोडा आणि हव्या तेवढ्या गाड्या चालवा. हें सांगणें खोटें नाहीं. दोन तारा जोडल्या कीं गाडी खरोखरच चालूं लागते. परंतु त्या वाक्यांतला 'फक्त' हा शब्द फार फसवा आहे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून पुष्कळांनीं आपल्या आवडत्या इंजिनांची राखरांगोळी करून घेतलेली आहे.

जुनी रीत समजल्याखेरीज नवीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. जुन्या रीतींत रुळांना एकाच दिशेनें वाहणारा, अधिकांत अधिक १२ व्होल्ट दाबाचा प्रवाह देत. इंजिनाची मोटर चाकांवाटे तो प्रवाह थेट घेई. दाब वाढविला कीं वेग वाढे, दाबाची दिशा उलटविली कीं गाडी मागें जाई. व्यवस्था सुटसुटीत खरी. पण एकाच रुळावर दुसरें इंजिन ठेवलें म्हणजे तिची अडचण कळून येई. एका लगामाला दोन घोडे बांधावे तशी ती दोन्ही इंजिनें एकाच हुकुमानें धांवूं लागत. म्हणून मार्गाचे लहान लहान तुकडे पाडून ते एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनें अलग करीत, आणि प्रत्येक तुकड्यासाठीं एक खटका बसवीत. खटका एका बाजूला केला तर त्या तुकड्यावर पहिल्या चालकाची सत्ता, दुसऱ्या बाजूला केला तर दुसऱ्याची. गाडी पुढें सरके तसतसे चालकानें पुढचे खटके आपल्याकडे घ्यावयाचे आणि मागचे सोडावयाचे. मार्ग मोठा असला तर तीस-चाळीस खटक्यांची फळी समोर असे, आणि चालकाचें निम्में लक्ष गाडीवर नसून त्या फळीवर असे.

ह्या खटक्यांच्या जंजाळांतून सुटण्यासाठीं हुशार माणसांनीं काय काय खटपटी केल्या, त्याची हकीगत मोठी रंजक आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेंत १९४६ सालीं विद्यार्थ्यांनीं लघुरेल्वेचें एक मंडळ काढलें. मंडळींतले कांहीं जण डोंगर आणि डबे रंगविण्यांत रमत, तर कांहींचा जीव तक्त्याखालच्या तारांत गुंतलेला असे. त्यांनीं टेलिफोन एक्स्चेंजमधील रिले आणून खटके आपोआप फिरविणारें एक अजस्र यंत्र तक्त्याखालीं उभें केलें. संगणकाच्या जगांत आज सर्वतोमुखीं झालेला 'हॅकर' हा शब्द ह्याच मंडळाच्या बोलींतून पुढें पसरला. आतां तो शब्द चोरट्यांना लावला जातो, ही त्या तारा जोडणाऱ्या पोरांवर थोडी अन्यायाचीच गोष्ट झाली.

खरी सुटका मात्र निराळ्याच विचारांतून व्हावयाची होती. रुळांचे तुकडे पाडून गाड्या वेगळ्या करण्याऐवजीं प्रत्येक इंजिनालाच स्वतःचें नांव द्यावें, आणि हुकूम नांवानिशीं पाठवावा, असा तो विचार. १९६० नंतरच्या दशकांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें अमेरिकेंत अशी एक पद्धति बाजारांत आणली होती. १९७९ सालीं इंग्लंडांत हॉर्नबी कंपनीनें 'झीरो वन' नांवाची पद्धति काढली. तिच्यांत १६ इंजिनांना वेगवेगळे हुकूम देतां येत. पण प्रत्येक कारखान्याची भाषा वेगळी. एका कंपनीचें इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ओळख देईना. अखेर अमेरिकेंतील 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' ह्या संस्थेनें हें काम हातीं घेतलें. ही संस्था १९३५ सालीं स्थापन झाली, तीच मुळीं निरनिराळ्या कारखान्यांचीं चाकें आणि रूळ एकमेकांशीं जुळावे ह्या हेतूनें. चाकांचा तंटा मिटविलेल्या संस्थेनें आतां भाषेचा तंटा मिटवावयास घेतला. जर्मनींतील लेन्झ ह्या कारखान्यानें तयार केलेली भाषा पायाभूत धरून १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तिनें प्रमाण ठरविलें आणि तें सर्वांस खुलें ठेवलें. तेव्हांपासून कोणत्याही देशांतल्या कारखान्याचें इंजिन कोणत्याही घरांतल्या हुकुमाला उत्तर देऊं लागलें.

ही भाषा रुळांतून वाहते तरी कशी? नव्या रीतींत रुळांवरील दाब कमीजास्त होत नाहीं. इंजिन उभें असो वा धांवत असो, रुळांवर सुमारें १४ ते १६ व्होल्टांचा पूर्ण दाब सदैव हजर असतो. मात्र त्याची दिशा सेकंदाला हजारों वेळां उलटत असते. संदेश आहे तो ह्या उलटण्याच्या वेळांत. एका दिशेला ५८ आणि दुसऱ्या दिशेला ५८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचे ५८ भाग, दाब टिकला तर तो '१' समजावयाचा. तोच दोन्ही दिशांना साधारण शंभर-शंभर मायक्रोसेकंद टिकला तर '०' समजावयाचा. भारतांत २०१३ सालीं बंद झालेल्या तारसेवेंतील 'कट्ट' आणि 'कडकट्ट' ज्यांच्या कानांत अजून असतील त्यांना हा प्रकार परका वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं तेथें तारवाल्याचें बोट होतें आणि येथें माणसाच्या कानाला न कळणारी त्वरा आहे.

प्रत्येक संदेशाच्या आरंभीं किमान चौदा वेळां '१' येतो. ती 'लक्ष द्या' अशी ललकारी होय. मग येतो इंजिनाचा पत्ता, नंतर हुकूम, आणि शेवटीं पत्ता व हुकूम ह्यांवरून ठराविक रीतीनें काढलेला पडताळ्याचा आंकडा. वाड्याच्या चौकांत उभें राहून पोस्टमननें नांव पुकारावें, ऐकावें सर्वांनीं आणि पुढें यावें एकानेंच, तसेंच हें चालतें. प्रत्येक इंजिनाच्या पोटांत 'डिकोडर' नांवाचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा बसविलेला असतो. पत्ता आपला आहे आणि पडताळा जुळतो असें दिसलें तरच तो हुकूम मानतो. एरवीं संदेश टाकून देऊन आधींच्याच हुकुमाप्रमाणें चालत राहतो. असे शंभराहून अधिक संदेश दर सेकंदाला रुळांतून जात असल्यामुळें एखादा वाया गेला तरी पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. मोटरला लागणारी वीज हाच डिकोडर रुळांतून घेतो, ती एकदिश करतो आणि हव्या त्या वेगाच्या मानानें तिचे लहानमोठे घोट मोटरला पाजतो. दिवे, शिटी, इंजिनाचे हुंकार हेंही त्याच्याच अखत्यारींतलें.

येथवर सारें गोडच आहे. खटक्यांची फळी गेली, आणि एकाच मार्गावर बापाची मेल व मुलाची मालगाडी स्वतंत्रपणें चालूं लागली. पण ह्या सोयीबरोबर एक गोष्ट गुपचूप घरांत शिरली, ती म्हणजे विजेची ताकद. जुन्या रीतींतला वीज पुरविणारा डबा एखाद्या अँपिअरच्या आसपास प्रवाह देई. नव्या रीतींत दहा गाड्यांची वीज एकाच ठिकाणाहून पुरवावयाची, म्हणून संदेशाला बळ देणारें जें 'बूस्टर' नांवाचें यंत्र असतें तें घरगुती तक्त्यासाठींही बहुधा ५ अँपिअरचें असतें. १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर ह्यांचा गुणाकार ७५ वॅट होतो. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या सोल्डरिंग आयर्ननें डाख देतो, तें २५ ते ४० वॅटचें असतें. तेव्हां सांध्यावर गाडी घसरून तिचें लोखंडी चाक दोन्ही रुळांना एकदम टेकलें, म्हणजेच शॉर्ट सर्किट झालें, तर त्या चिमुकल्या डब्याखालीं दोन तापलेलीं सोल्डरिंग आयर्न धरल्यासारखी स्थिति होऊं शकते. प्लास्टिकची बोगी वितळावयास त्याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

ह्यावर कोणीही विचारील कीं, बूस्टरमध्यें आपोआप प्रवाह तोडणारी योजना नसते काय? असते, आणि चांगली असते. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला कीं ती क्षणार्धांत वीज बंद करते. परंतु मर्यादेबाहेर जावा इतका प्रवाह वाहूं देण्याचें काम तारांचें आहे, आणि येथेंच बहुतेकांची समजूत उलटी असते. बारीक तार आणि कच्चा जोड ह्यांमुळें फार तर गाडी थोडी मंद चालेल, असें लोक धरून चालतात. प्रत्यक्षांत कच्चा जोड हा रखवालदाराचे डोळे बांधतो. समजा, बूस्टरपासून रुळाच्या दूरच्या टोंकापर्यंत जाऊन परत येण्याच्या वाटेंत, बारीक तारा आणि सैल सांधे मिळून, ४ ओहमांचा रोध सांचला आहे. त्या टोंकाला शॉर्ट सर्किट झालें तर ओहमच्या नियमाप्रमाणें १५ व्होल्टांना ४ नें भागून पावणेचार अँपिअर प्रवाह वाहील. मर्यादा पांचाची. रखवालदाराच्या दृष्टीनें कांहीं घडलेलेंच नाहीं. तीन-चार गाड्या चालत असाव्या इतकाच त्याचा समज. इकडे ५६ वॅट उष्णता त्या वाटेंत, आणि विशेषेंकरून जेथें जोड सर्वांत कच्चा असेल तेथें, सारखी सांठत राहते. माणसें दुसऱ्या खोलींत चहा घेत असतात, आणि वास येईपर्यंत कोणाला कांहीं कळत नाहीं.

म्हणून नव्या रीतींत तारा थोड्या झाल्या तरी त्या जाड असल्या पाहिजेत. तक्त्याच्या खालून, मार्गाच्या बरोबरीनें, दोन जाड तारा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत न्यावयाच्या. त्यांना 'बस' म्हणतात. रस्त्यावरची बस आणि ही बस एकाच लॅटिन शब्दाचीं अपत्यें आहेत. मूळ शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठीं' असा. घरांतील विजेच्या कामाची २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ह्या कामीं उत्तम. तिचा रोध मीटरमागें सुमारें ०.००७ ओहम भरतो. तक्ता १० मीटर लांब धरला तर जाऊन येऊन २० मीटर तारेचा रोध ०.१४ ओहम होईल, आणि पूर्ण ५ अँपिअर वाहिले तरी वाटेंत पाऊण व्होल्टाहून कमीच खर्च होईल. तीच तार पांचपट बारीक, म्हणजे अर्ध्या चौरस मिलिमीटरची घेतली तर साडेतीन व्होल्ट वाटेंतच मुरतील. दोहोंच्या किंमतींतला फरक एखाद्या डब्याच्या किंमतीहूनही कमी असतो; पण डबा दिसतो आणि तार दिसत नाहीं, म्हणून काटकसर नेहमीं तारेंतच होते.

बसपासून रुळापर्यंत ज्या लहान तारा वर जातात त्यांना 'फीडर' म्हणतात. ह्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या चालतात, मात्र त्या वीतभरापेक्षां लांब असूं नयेत. फीडर किती असावे, ह्याविषयीं छंदिष्टांत वाद आहेत. एका मीटरला एक असावा असें कोणी म्हणतो, तर कोणी दोन मीटरांवर समाधान मानतो. वाद कांहींही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे. रूळ रुळाला जोडणारी जी पत्र्याची लहान पट्टी असते तिच्यावर विजेची भिस्त ठेवूं नये. ती पट्टी रूळ एका रेषेंत ठेवण्यासाठीं आहे. वर्षा-दोन वर्षांत ती सैलावते, तिच्यांत धूळ आणि रंग शिरतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत काय होतें तें सांगावयास नको. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर असावा, नाहीं तर शेजारच्या तुकड्याशीं त्याला डाख देऊन पक्का जोडलेला असावा. रुळांचा धातूही वाहक म्हणून बेताचाच आहे. त्याला इंग्रजींत 'निकेल सिल्व्हर' म्हणतात. आपल्याकडे जुन्या घरांतून जर्मन सिल्व्हरचीं भांडीं असत, त्याच जातीचा हा धातु. तांबें, निकेल आणि जस्त ह्यांचें तें मिश्रण; नांवांत चांदी आहे, अंगांत नाहीं. तो गंजत नाहीं म्हणून रुळांना पसंत केला गेला, पण त्याचा रोध तांब्याच्या अनेक पट असतो. दूरवर वीज नेण्याचें काम त्याच्यावर सोंपविणें म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर विनाकारण ओझें देण्यासारखें आहे.

फीडर जोडतांना कोणता रूळ कोणत्या तारेला, ह्याची गल्लत होऊं देऊं नये. खालून पाहणाऱ्याला डावें-उजवें उलटें दिसतें, आणि वळण घेऊन परत येणाऱ्या मार्गावर तर चांगल्या चांगल्यांची मति गुंग होते. म्हणून तारा दोन रंगांच्या घ्याव्या, एका डब्याच्या डाव्या चाकांखालीं रंगीत कागदाची पट्टी चिकटवावी, आणि तो डबा सर्व मार्गावरून हातानें फिरवीत न्यावा. ज्या रुळावर पट्टी येईल तो लाल तारेचा. उपाय पोरकट वाटतो खरा, पण तो चुकत नाहीं.

तारा जोडून झाल्या कीं त्यांची परीक्षा घ्यावयाची. अमेरिकेंत ह्या परीक्षेला 'क्वार्टर टेस्ट' म्हणतात, कारण तेथें डॉलरच्या चौथ्या हिश्शाचें नाणें ह्यासाठीं वापरतात. रुपयाचें नाणेंही तेंच काम करतें. बूस्टर सुरू करावा, आणि नाणें दोन्ही रुळांवर आडवें ठेवावें. तत्क्षणीं बूस्टरनें वीज तोडली पाहिजे. नाणें उचलावें, वीज परत येऊं द्यावी, दोन हात पुढें जाऊन पुन्हा ठेवावें. असें सबंध मार्गभर, प्रत्येक बाजूच्या फांटीवर, प्रत्येक बोगद्यांत करावें. ज्या ठिकाणीं नाणें ठेवूनही बूस्टर स्वस्थ राहतो, तेथें वाटेंत कोठेंतरी कच्चा जोड आहे असें निश्चित समजावें आणि नाणें लगेच उचलावें, कारण तें तापूं लागलेलें असतें. तो जोड सांपडून दुरुस्त होईपर्यंत त्या भागावर गाडी नेऊं नये. पुष्कळ लोक ही परीक्षा एकदांच घेतात. वास्तविक ती वर्षांतून एकदां तरी, आणि पावसाळा संपल्यावर तर अवश्य घ्यावी.

मार्ग मोठा असेल तर त्याचे तीन-चार विभाग पाडून प्रत्येकाला प्रवाह तोडणारें स्वतंत्र साधन बसवितात, म्हणजे घाटांत एक डबा घसरला म्हणून स्थानकांतली गाडी थांबत नाहीं. दोन विभागांच्या सीमेवर रुळांत फट ठेवावी लागते. मात्र दोन्ही बाजूंच्या तारा एकाच क्रमानें जोडलेल्या हव्यात. त्या उलट असतील तर सीमा ओलांडणाऱ्या चाकानें फट सांधतांच शॉर्ट सर्किट होईल. कांहीं काटकसरी मंडळी ह्या साधनाऐवजीं मोटारीच्या मागच्या दिव्याचा बल्ब मुख्य तारेंत गुंफतात. एरवीं तो विझलेला असतो. शॉर्ट सर्किट झालें कीं तो पेटतो, प्रवाह सुमारें दोन अँपिअरांवर रोखून धरतो आणि घोटाळा कोणत्या विभागांत आहे तेंही दाखवितो. तोड स्वस्त आहे. बल्ब लाकडापासून दूर ठेवावा म्हणजे झालें.

सांध्यांच्या बाबतींत नवी रीत जुनीपेक्षां अधिक चोखंदळ आहे. सांध्यांत जेथें दोन मार्गांचे रूळ एकमेकांस छेदतात, त्या टोंकदार जागेला 'फ्रॉग' म्हणतात. तेथें विरुद्ध ध्रुवांचे रूळ अगदीं लगटून आलेले असतात, आणि रुंद चाक क्षणभर दोहोंना शिवूं शकतें. जुन्या रीतींत त्यामुळें फार तर दिवा लुकलुके. नव्या रीतींत रखवालदार इतका दक्ष असतो कीं त्या एका स्पर्शासरशीं सगळ्या गाड्या जागच्या जागीं थिजतात. फ्रॉग प्लास्टिकचा केला तर हा धोका टळतो. पण मग चार चाकांचें लहान इंजिन संथपणें त्याच्यावरून जातांना वीज न मिळून तेथेंच बसकण मारतें. ह्यावर पक्का उपाय असा कीं, फ्रॉग धातूचाच ठेवून त्याच्या चारी बाजूंस बारीक फटी पाडाव्या, आणि सांधा फिरविणाऱ्या यंत्रालाच एक खटका जोडून सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूची वीज फ्रॉगला मिळेल असें करावें. काम चिकाटीचें आहे, पण एकदां केलें कीं गाडी सांध्यावरून मुंगीच्या पावलांनीं नेली तरी अडखळत नाहीं.

गाडीला वळसा घालून त्याच मार्गावर परत आणणारा जो फांसा असतो, त्याची गोष्ट कागदावर चित्र काढल्याशिवाय पटत नाहीं. दोन समांतर रेघा काढाव्या, एक लाल आणि एक काळी, आणि त्या गोल फिरवून स्वतःलाच आणून मिळवाव्या. लाल रेघ काळीला मिळते असें दिसेल. म्हणजे नुसते रूळ जोडतांच, गाडी नसतांनाही, शॉर्ट सर्किट तयार! त्यासाठीं फांशाचा एक भाग दोन्ही टोंकांस, दोन्ही रुळांत फटी पाडून अलग करावा लागतो, आणि त्याला आपोआप ध्रुव बदलणाऱ्या यंत्रांतून वीज द्यावी लागते. चाक फट ओलांडतांना विरोध दिसला कीं तें यंत्र फांशांतील तारांची अदलाबदल करतें, तीही इतक्या झटपट कीं गाडीला त्याची जाणीव होत नाहीं. येथें नव्या रीतीचा एक मोठा फायदा दृष्टीस पडतो. इंजिनानें पुढें जावें कीं मागें, हें आतां रुळांच्या ध्रुवांवर अवलंबून नसून डिकोडरला मिळालेल्या हुकुमावर अवलंबून असतें. म्हणून पायाखालचे ध्रुव बदलले तरी इंजिन आपली दिशा सोडीत नाहीं. अट एकच, हा अलग केलेला भाग सर्वांत लांब गाडीपेक्षां लांब असावा. गाडीचें तोंड एका फटीवर आणि शेपूट दुसऱ्या फटीवर एकाच वेळीं आलें, तर यंत्र कोणाची समजूत घालणार?

जुना वीज पुरविणारा डबा अडगळींत ठेवावयाचा आहे, कोणत्याही फांटीवर जोडून ठेवावयाचा नाहीं. एखादें चाक जुन्या आणि नव्या विजेची सीमा ओलांडतांना दोहोंना एकत्र आणील आणि बूस्टरची किंमत मोजावी लागेल. तसेंच डिकोडर न बसविलेलें जुनें इंजिन नव्या रुळांवर उभें करून ठेवूं नये. दाब क्षणोक्षणीं दिशा बदलत असल्यामुळें त्याची मोटर फिरत नाहीं, नुसती गुणगुणते आणि तापते. नाजूक मोटर असेल तर तेवढ्यानेंही ती जळते.

जुन्या इंजिनांचा हा प्रश्न पुष्कळ घरांत भावनेचा असतो. आजोबांनीं परदेशांतून आणलेलें, वडिलांनीं जपलेलें इंजिन नव्या तक्त्यावर चालावें असें कोणाला वाटणार नाहीं? तें चालूं शकतें. परंतु अशा कित्येक इंजिनांत मोटरचें एक टोंक सरळ धातूच्या सांगाड्याला जोडलेलें असतें, आणि सांगाडा चाकांवाटे रुळाला. त्याच स्थितींत डिकोडर बसविला, तर रुळाची वीज मागच्या दारानें डिकोडरमध्यें शिरते आणि तो पहिल्याच क्षणीं मरतो. मोटरची दोन्ही टोंकें सांगाड्यापासून आणि चाकांपासून संपूर्ण सोडवून घेणें, मध्यें कागदी किंवा प्लास्टिकची चकती घालणें, आणि मग मीटर लावून मोटर व चाकें ह्यांत कसलाही संबंध उरला नाहीं अशी खात्री करणें, ह्या कामाला एक संध्याकाळ पुरते. घाईनें हीच संध्याकाळ वांचविली जाते.

मीटरनें अनुकूल उत्तर दिलें तरीही तें इंजिन एकदम मुख्य मार्गावर ठेवूं नये. बहुतेक हुकूम-यंत्रांना एक स्वतंत्र तुकडा जोडण्याची सोय असते. त्याच्यावर अगदीं थोडा प्रवाह सोडला जातो. कोठें चूक राहिली असेल तर तेवढ्या प्रवाहानें डिकोडर जळत नाहीं, यंत्र फक्त चूक असल्याचें कळवितें. ह्याच तुकड्यावर इंजिनाचें नामकरणही होतें. कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या डिकोडरचा पत्ता ३ असा असतो, आणि तो तसाच ठेवला तर घरांतलीं सगळीं नवीं इंजिनें एकाच हांकेला ओ देऊं लागतात. म्हणून इंजिनाच्या बाजूवर रंगविलेला क्रमांकच बहुधा त्याचा पत्ता करतात. चार आंकडी क्रमांकालाही ही भाषा अडत नाहीं. नवा पत्ता यंत्रानें परत वाचून दाखविला, कीं इंजिन उचलून मुख्य मार्गावर ठेवावें, तो क्रमांक पुकारावा, आणि वेगाचा कांटा पहिल्या घरावर आणावा.